अर्ध्या मिलिमीटरचा इतिहास

सोमवार, ३

गाणी बंद केली. आजपासून आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये एकही गाणं वाजणार नाही. कारण उघड आहे — मेणवाली गाण्याच्या ठेक्यावर मेणात दात बसवते आणि ठेका चुकला की दात चुकतो. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचे खालचे सहा दात तिनं असे बसवले, की जणू सगळे एकाच बाजूला मान वळवून कुणाची तरी वाट पाहताहेत! सगळे काढायला लावले. काढले, पण गाल फुगवून.

"मग दिवसभर काय चाकाची घरघर ऐकायची?" — पॉलिशवाली. तिला बोलायला कधी परवानगी लागत नाही.

तोडगा मीच काढला. पॉडकास्ट. इतिहास, राजकारण, विचार. मी बी.ए. झाले त्याला सदतीस वर्षं झाली. इतिहास घेऊन झाले होते. त्यानंतर फक्त लोकांचे दात पाहिले. मोबाइलवर शोधता शोधता एक सापडलं — 'मागचं-पुढचं'. सांगणारा एकच माणूस. भाग बरोबर चाळीस. प्रत्येक पाऊण तासाचा. सकाळी एक, दुपारी एक, म्हणजे वीस दिवसांचं काम. यादीतला सगळ्यात वरचा भाग लावला.

माणूस स्पष्ट बोलतो. 'स' तर असा स्वच्छ, की ऐकत राहावं. पण सुरुवात विचित्र. पहिल्याच भागाच्या शेवटी म्हणतो, "झालं. आता मला बोलायची गरज उरली नाही."

"अगंबाई, कामावर आला आणि लगेच राजीनामा!" — मेणवाली.

मी सांगितलं, हा उपरोध आहे. शिकलेल्या माणसांची एक पद्धत असते.

दुसरा भाग वाक्याच्या मध्येच तुटला. "आणि म्हणूनच लोकशाहीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर — पंचेचाळीस मिनिटं झाली." संपलं! साचेवाला प्लॅस्टर कालवता कालवता थांबला. "काय महत्त्वाचं ते राहिलंच की हो बाई." राहिलं तर राहिलं. वेळ म्हणजे वेळ. मला हा माणूस आवडला.

मंगळवार, ४

मालकांना भेटले. एकतीस तारखेला माझं निवृत्तीचं वय भरतं. एक वर्षाची मुदतवाढ हवी म्हणून अर्ज दिला. त्यात एकच वाक्य: 'एकतीस वर्षांत मी तपासून पाठवलेली एकही कवळी परत आलेली नाही.' याउपर काय लिहायचं?

मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "खरंच एकही नाही?"

"रजिस्टर आहे. बघा."

"बघतो. महिनाअखेर सांगतो."

सांगायचं काय त्यात! उत्तरेच्या खिडकीपाशी माझी खुर्ची आहे. दातांची छटा तिथल्याच उजेडात कळते. त्या खुर्चीतून मी मान हलवल्याशिवाय इथून एक दाढही बाहेर जात नाही. मी उठले तर तिथे पॉलिशवाली बसणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा हात चांगला आहे. जीभ नाही.

जाता जाता मालक म्हणाले, "आणि ती तुमची चिठ्ठी, बाई. डॉक्टर लोक म्हणतात, पेशंट घाबरतात."

प्रत्येक डबीत मी लिहिलेली छापील चिठ्ठी जाते. नऊ सूचना. 'पहिल्या दिवशी आरशात बघून रडू नये.' 'सवय होईपर्यंत दोष कवळीचा समजू नये.' 'सफरचंदावर शौर्य दाखवू नये.' यात घाबरण्यासारखं काय आहे? सूचना आहेत. लाडीगोडी नाही.

घरी आले तर हे पाव दुधात बुडवून खात होते. यांची कवळी खालच्या खणात. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः तपासून दिलेली! फोटो काढायचा असला की घालतात, फोटो झाला की काढतात. म्हटलं, कवळी कुठाय? तर, "घरात कोण बघतंय?"

आळस. दुसरं काय.

बुधवार, ५

लॅबमध्ये मतदान सुरू झालं आहे. हे मी बोलावलेलं नाही.

सकाळच्या भागात तो माणूस सांगत होता, की प्रत्येकाला एक मत मिळालं, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, सगळ्यांना. मेणवालीला ते फार पटलं. लगेच ऐंशी वर्षांच्या एका आजोबांच्या दातांची छटा हात वर करून ठरवली. सगळ्यात पांढरी! तीन विरुद्ध शून्य. ऐंशी वर्षांच्या तोंडात शुभ्र दात म्हणजे पडक्या घराला नवं फाटक. मी रद्द केलं.

"मग मताला अर्थ काय?" — मेणवाली.

"अर्थ आहे. उपयोग नाही."

दुपारी दुसरा भाग लावला, आणि त्यात बायकांचं मत गेलं! म्हणजे त्या काळी ते नव्हतंच. बायका मोर्चे काढताहेत, तुरुंगात जाताहेत, पण मत नाही. पॉलिशवालीनं चाक बंद केलं. "सकाळी होतं ना?"

आता लॅबमध्ये मतदार उरला एक — साचेवाला. तीन वाजता त्यानं एकमतानं खिडकी बंद केली. म्हणे वारं येतं.

गुरुवार, ६

आज इतिहासातून आठ तासांचा कामाचा दिवस गेला. दुपारी आठवड्याची सुट्टीही गेली. सात वर्षांची पोरं गिरणीत कामाला लागली. मेणवालीनं विचारलं, "बाई, हे लोक सुधारताहेत का बिघडताहेत?"

मी खुर्चीतून सांगितलं: ही नवी शास्त्रीय पद्धत आहे. आधी परिणाम, मग कारण. वैद्यसुद्धा आधी ताप बघतात, मग दुखणं शोधतात. इतिहासात अशीच अभ्यासाची पद्धत असते, आम्हाला कॉलेजात होती.

कॉलेजात नव्हती. पण बोलून गेले.

"म्हणजे उद्या अजून काहीतरी जाणार," साचेवाला म्हणाला. त्याला मजा वाटते आहे. त्याचं मत अजून शाबूत आहे.

शुक्रवार, ७

चष्मा घरी राहिला. अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले, दहा मिनिटं उशीर झाला, सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. मागच्या वर्षी एकदा असाच राहिला होता. तेव्हा मागे फिरले नव्हते. चौदा कवळ्या बोटांनी तपासल्या. बोटांनाही दिसतं. कुणाला कळलंसुद्धा नाही.

सोमवार, १०

एका राजाचं डोकं सकाळी उडालं आणि दुपारी जागेवर आलं. मेणवालीनं टाळी वाजवली.

संध्याकाळी यांना हे सांगितलं, तर हे चमचा खाली ठेवून म्हणाले, "अगं, पण आधी मेला आणि मग गादीवर बसला, असं कसं?"

"ती पद्धत आहे."

"दाखव बरं तुझा मोबाइल."

दाखवला नाही. हे झोपाळ्यासारखे खुर्चीत मागे-पुढे होत हसत राहिले. मग मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं बघितलं. प्रत्येक भागाखाली बारीक अक्षरात तारीख आहे. मागच्या वर्षीच्या सलग चाळीस तारखा. सगळ्यात वरती — सगळ्यात शेवटची.

म्हणजे यादी उलटी असते. नवं वर, जुनं खाली. मी चाळिसावा भाग पहिला लावला. तो बिचारा खरंच निरोप घेत होता. उपरोध नव्हता, काही नव्हतं.

चूक माझी. पण आता सहा दिवस झाले. शास्त्रीय पद्धत म्हणून सांगून बसले. सांगू कोणत्या तोंडानं?

मंगळवार, ११

सांगितलं नाही.

गुरुवार, १३

छपाई गेली. आता हातानं लिहायचं. साचेवाला माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून म्हणाला, "बाई, या आता बेकायदेशीर."

पण आज मोठी गोष्ट वेगळीच. पॉलिशवालीनं चाक थांबवून हात वर केला. गप्प! सगळे गप्प. भाग चालू होता.

"ऐकलंत? 'समाजसुधारक' म्हणताना शीळ वाजली."

मागे नेऊन पुन्हा ऐकला. वाजली. बारीक, पण वाजली.

"याला कवळी आहे," ती म्हणाली. "वरची. पुढचे दोन दात थोडे पुढे आहेत. हवा निसटतेय."

मेणवाली म्हणाली, "पण पहिल्या दिवशी तर किती छान बोलत होता! बिघडत चाललाय बिचारा. दारू असेल का?"

बिघडत चाललेला नाही. तो रोज थोडा सुधारत होता आणि आपण त्याला रोज मागे नेतो आहोत. हे मला ठाऊक आहे आणि मी दातांवर दात ठेवून बसले. (माझे स्वतःचे आहेत. अठ्ठावीस.)

सोमवार, १७

इतिहासाकडे आता कुणाचं लक्ष नाही. सगळे 'स'ची वाट बघतात. सम्राट, साम्राज्य, संस्कृती, शासन — एकेक शब्द आला की चाक थांबतं. आज सकाळच्या भागात एकवीस शिट्ट्या. साचेवाल्यानं भिंतीवर प्लॅस्टरच्या बोटानं रेघा ओढल्या आहेत. पुसायला लावल्या. त्यानं पुसल्या आणि आकडा पाठ केला.

मेणवालीला वाटतं, आपण त्याला एक चांगलं दुकान सुचवावं.

बुधवार, १९

काल शून्य गेलं. म्हणजे अजून कुणी शोधलेलं नाही. साचेवाला साच्यांवर क्रमांक घालतो. काल दोनशे नव्वदाव्या साच्यावर त्यानं दोन आणि नऊ लिहिले आणि पुढे बोट उभं केलं. "बाई, पुढचं अजून जन्माला आलेलं नाही." आज सकाळी त्या एकोणतीस नंबरच्या तोंडासाठी मेणवालीनं भलतीच हिरडी लावली. दोन तास गेले ते सोडवण्यात. मी ओरडले. इतकी ओरडले की चाक आपोआप थांबल्यासारखं वाटलं.

तेव्हा पॉलिशवाली शांतपणे म्हणाली, "बाई, घोटाळा आज झाला ना? म्हणजे तुमच्या पद्धतीनं परिणाम आधी झाला. कारण नंतर कळेल."

तिला कळलंय. कधीपासून कळलंय देव जाणे. बाकीच्यांसमोर बोलली नाही. हा दयेचा प्रकार मला अजिबात आवडत नाही.

शुक्रवार, २१

सम्राटांचा काळ. सम्राटाचा शब्द म्हणजे कायदा, तो चुकत नाही, आणि चुकला तरी सांगणारा उरत नाही. साचेवाल्यानं माझ्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. मेणवालीनं पण. चहा आधी मला मिळाला.

बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

"पण वारस कोण?" साचेवाल्यानं विचारलं. "तीस-एकतीस तारखेला काय करायचं? युद्ध करायचं का?"

"सम्राट एक वर्ष थांबणार आहे," मी म्हटलं. पॉलिशवाली चाकावर वाकलेली होती. मान वर केली नाही. तिला ती खुर्ची हवी आहे. हवी असण्यात काही गैर नाही. पण मलाही हवी आहे, आणि मी आधी बसलेली आहे.

मालकांचं अजून उत्तर नाही.

सोमवार, २४

लिपी गेली. यापुढे लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडी. साचेवाला म्हणतो, रजिस्टर बंद करा. मी म्हटलं, रजिस्टरला हात लावशील तर तुझाच साचा काढीन.

नाणीही गेली, म्हणून जेवणाचे डबे आता अदलाबदलीनं खातात. मेणवालीनं एक उकडलेलं अंडं देऊन जास्तीचा मेणाचा पत्रा घेतला. कुणाकडून? साचेवाल्याकडून. त्याच्याकडे मेण कुठून आलं? तिच्याच टेबलावरून! तिला हे समजावता समजावता जेवणाची सुट्टी संपली.

बुधवार, २६

शेती गेली. सगळे पुन्हा रानात.

शिट्ट्या आता मोजण्यापलीकडे. 'सुमारे दहा सहस्र वर्षांपूर्वी' एवढं तो म्हणाला आणि रस्त्यावरचं एक कुत्रं दारात येऊन उभं राहिलं. खोटं नाही. उभंच होतं, मान तिरकी करून.

मेणवालीच्या डोळ्यांत पाणी. "किती त्रास होत असेल हो त्याला. आणि बोलतोय तरी बघा कसा! थांबत नाही."

पॉलिशवालीनं हवेत बोट धरून मोजलं. "अर्धा मिलिमीटर. पुढचे दोन अर्धा मिलिमीटर आत घेतले असते की संपलं होतं. पास कुणी केली असेल ही?"

मला खरोखर राग आला. एका माणसाला दिवसरात्र शिट्टी वाजवायला लावायची म्हणजे काय! सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्यानं कुणी ही पास केली त्याला तपासायच्या खुर्चीत बसायचा अधिकार नाही. एक दिवससुद्धा नाही."

साचेवाला म्हणाला, "सम्राटांचा शब्द."

गुरुवार, २७

मुदतवाढ मिळाली! एक वर्ष. मालकांनी स्वतः पत्र आणून दिलं. रजिस्टर पाहिलं म्हणे, मागची सगळी वर्षं. 'परत' हा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. "असं कुठे बघायला मिळत नाही, बाई."

पॉलिशवालीनं अभिनंदन केलं. हात धुऊन, पुसून, मग. रीतसर.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "छान." आणि पाव दुधात बुडवला.

शुक्रवार, २८

सकाळी दुसरा भाग. आग सापडली, म्हणजे विझली. दुपारी जेवणानंतर शेवटचा लावला. म्हणजे पहिला. मेणवालीनं सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला लावल्या. कामाच्या वेळेत! मीही माझी ओढली.

पहिला शब्द 'नमस्कार', आणि मधून अशी शीळ गेली की साचेवाल्यानं दाराकडे बघितलं. कुत्रं नव्हतं.

मग तो म्हणाला — शिट्ट्या गाळून लिहिते, नाहीतर पान पुरणार नाही — "मला इतिहासातलं काही कळत नाही. मला दात नाहीत. म्हणजे आहेत, कालपासून आहेत, पण माझे वाटत नाहीत. डबीत एक चिठ्ठी आलीय. तिच्यात मोठ्यानं बोलायला सांगितलंय. तर आधी ती चिठ्ठीच वाचतो."

आणि वाचली.

पहिल्या दिवशी आरशात बघून रडू नये. सवय होईपर्यंत दोष कवळीचा समजू नये. सफरचंदावर शौर्य दाखवू नये. एकेक सूचना. प्रत्येक सूचनेवर तो थोडा थांबे आणि "बरं" म्हणे. सातवीवर आला. "रोज पाऊण तास मोठ्याने बोलावे. कमी नाही, जास्त नाही. चाळीस दिवस. कोणी ऐकत नसले तरी बोलावे."

मग म्हणाला, "हे बाईनंच लिहिलेलं असणार. आमची ही असंच बोलायची. रागावल्यासारखं. घरात ऐकायला आता कुणी नाही, म्हणून मोबाइलला सांगतोय. काय सांगायचं, तर हिची कॉलेजातली इतिहासाची पुस्तकं कपाटात आहेत. ती गेल्यापासून उघडली नव्हती. पहिल्या पानापासून सुरू करतो. बाईंनी चाळीस दिवस सांगितलेत. चाळिसात बसवतो."

मेणवाली उघड उघड रडत होती. साचेवाला म्हणाला, "आपला माणूस निघाला की हो!" आणि मी — मी ताठ बसले होते. मला वाटत होतं की आत्ता मालकांनी इथे यायला हवं आणि माझी चिठ्ठी कुठपर्यंत पोचते ते ऐकायला हवं.

तेवढ्यात तो म्हणाला, "डबीवर क्रमांक आहे, दोनशे सात. त्याखाली 'तपासले' असं छापलंय आणि एक सही आहे. ती काही वाचता येत नाही."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. इतिहास पुढे चालू होता, माणूस नुकता बोलायला शिकत होता. पॉलिशवाली उठली, फडताळातून मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं, माझ्याकडे पाठ करून पान उलटलं. बघितलं. मिटलं.

"शाई फिकट झालीय," ती म्हणाली. "वाचता येत नाही."

"आण इकडे."

"बाई, राहू द्या ना."

"आण."

शाई अजिबात फिकट झालेली नाही. दोनशे सात. वरची पूर्ण कवळी. आधीच्या-नंतरच्या मिळून त्या दिवशी चौदा. चौदाही सह्या माझ्या, जरा मोठ्या, जरा वाकड्या. चष्मा नसलेल्या हाताच्या. मी मोठ्यानं वाचलं: तारीख, क्रमांक, तपासणार कोण. मग तेही सांगितलं की चष्मा नव्हता. मग आता सांगतेच आहे तर हेही सांगितलं की शास्त्रीय पद्धत वगैरे काही नव्हती, यादी उलटी लागली होती.

"ते आम्हाला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," मेणवाली डोळे पुसत म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

म्हणजे सगळ्यांना! आणि सम्राट वगैरे —!

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, दोनशे सात नंबरच्या गृहस्थांना बोलवा, कवळीत दोष आहे, मी दुरुस्त करून देते. डॉक्टर हसले. "तो माणूस? फार छान बोलतो हो आता. त्याची जीभ त्या अर्ध्या मिलिमीटरला बसली. आता हात लावाल तर पुन्हा शिट्टी वाजेल. राहू द्या."

म्हणजे दुरुस्तीही करता येत नाही.

पंचेचाळीस मिनिटं कधी झाली कळलंही नाही.

शनिवार, २९

सुट्टी. (अजून गेलेली नाही.)

अर्जाची नक्कल काढून ते एक वाक्य वाचलं. सहा वेळा. व्याकरण बरोबर आहे.

रविवार, ३०

यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, म्हणजे सरळ क्रमानं. चष्मा, चौदा कवळ्या, दोनशे सात, तो माणूस, त्याची बायको, पुस्तकं. म्हटलं, त्यानं परत का नाही आणली? एक शब्द लिहिला असता डॉक्टरांना! शिट्टी वाजते, एवढंच. मी काय खाल्लं असतं त्याला?

हे उठले, खालचा खण उघडला, डबी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. आत माझी चिठ्ठी अजून घडीसकट.

"टोचते," हे म्हणाले. "डावीकडे, खाली, मागे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"नऊ वर्षं? आणि बोलला का नाहीत?"

"तूच लिहिलं होतंस ना. सवय होईपर्यंत दोष कवळीचा समजू नये." मग डबीचं झाकण लावत, "सवय व्हायची वाट बघत होतो गं."

सोमवार, ३१

मुदतवाढीचं पत्र मालकांना परत दिलं. अर्जातलं वाक्य खोडून खाली लिहिलं — 'परत आलेल्या: एक. यायला हव्या होत्या: माहीत नाही.' चिठ्ठीतली दुसरी सूचना काढून टाकली. सातवी ठेवली.

पॉलिशवालीला खिडकीपाशी बसवलं. मग तिच्या चाकावर मी बसले आणि यांच्या कवळीची डावी, खालची, मागची कड घासली. तासभर. नेऊन तिच्यापुढे ठेवली. तिनं उजेडाला धरली, अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून आहे. परत."

परत घेतली.